वाचक विचारतात: देलाक्रवाची पोरकी मुलगी, घाण्यावरचं जवस आणि पत्र्याची खोली

दोन अंकांपूर्वी याच पानावर लिहिलं होतं की तैलरंगात चेहरा शिकायचा असेल आणि गावात शिकवणारं कुणी नसेल तर एखादं जुनं चांगलं चित्र घ्या आणि त्याची मन लावून कॉपी करा. त्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथं घेतोय. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय कारण त्यातली अडचण जवळपास सगळ्यांचीच आहे.

उदगीरहून एक वाचक लिहितात: सर नमस्कार. मी खाजगी शाळेवर शिक्षिका आहे. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर इंटरमिजिएटला ए ग्रेड, एवढंच. वॉटरकलर बरं जमतं. आता ऑइलमध्ये पोर्ट्रेट शिकायचंय म्हणून देलाक्रवा या फ्रेंच चित्रकाराचं ‘कब्रस्तानातली अनाथ मुलगी’ कॉपी करायलेय. मोबाइलवर फोटो लावला, पेन्सिलनं बारीक ग्रिड मारलं, आधी दोन्ही डोळे पूर्ण केले, ते खरंच छान झाले सगळे म्हणले. मग नाक, मग ओठ, मग गाल असं करत गेले. आता चेहरा पूर्ण झालाय पण ती मुलगी जिवंतच वाटत नाही, चेहऱ्याला पावडर लावल्यासारखं दिसतंय, मान वेगळी बसवल्यासारखी, आणि डोळ्यातलं पाणी म्हणजे नुसते पांढरे ठिपके. परत पहिल्यापासून करू का यातच दुरुस्त करू?

उत्तर: परत करा. पण हे टाकून देऊ नका, शेजारी ठेवा, दुसरं करताना त्याचा उपयोग होईल.

चित्र तुम्ही फार चांगलं निवडलंय, हे आधी सांगतो. १८२४ चं आहे, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, मूळ आकार साधारण ६६ बाय ५४ सेंटीमीटर, म्हणजे घरातल्या भिंतीवर मावेल एवढंच. देलाक्रवा तेव्हा जेमतेम पंचविशीतला पोरगा होता आणि त्याच वर्षी त्यानं ‘किऑसचा संहार’ हे चार मीटरपेक्षा उंच चित्र लोकांपुढं ठेवलं. ही मुलगी त्या मोठ्या चित्राच्या तयारीतली मानतात पण ती स्वतःच पूर्ण चित्र आहे. वर लागलेले डोळे, किंचित उघडं तोंड, खांद्यावरून घसरलेला पांढरा कपडा, मागं फिकट आभाळ आणि कब्रस्तान. रोमँटिक काळातले चित्रकार चेहऱ्यात काय शोधत होते ते या एका चेहऱ्यात सगळं दिसतं, माणसाच्या आत काय चाललंय ते कातडीवर आणायचं, नुसतं नाकडोळे जुळवायचे नाहीत.

आता तुमचं कुठं अडलं ते सांगतो. डोळे, मग नाक, मग ओठ हा जो क्रम तुम्ही घेतला तो वॉटरकलरमध्ये आणि पेन्सिलमध्ये चालून जातो, तेलात चालत नाही. देलाक्रवानं ते चित्र असं तुकड्या-तुकड्यानं केलेलंच नाही. त्या काळातल्या फ्रेंच चित्रकाराची रीत म्हणजे आधी तपकिरी पातळ रंगात अख्ख्या चेहऱ्याची अंधार-उजेडाची मांडणी, मग त्यावर अधलेमधले टोन (टोन म्हणजे रंग किती गडद किंवा उजळ ते), मग उजेड, आणि डोळ्यातली चमक वगैरे अगदी शेवटी. तुम्ही वरवर जे दिसतंय त्याची कॉपी केलीत, आता ते ज्या क्रमानं झालं त्या क्रमाची कॉपी करा. माझं या पत्राला खरं उत्तर एवढंच आहे, बाकीचं सगळं यातूनच निघतं.

बारा बाय सोळा इंची कॅनव्हास बोर्ड घ्या आणि फक्त डोकं, मान आणि तो उघडा खांदा घ्या, हात आणि मागचं कब्रस्तान सध्या सोडून द्या. बोर्डवर बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फिरवा आणि सुती कपड्यानं पुसून घ्या, म्हणजे पांढऱ्याऐवजी फिकट तपकिरी जमीन मिळते, पांढऱ्या बोर्डवर कुठलाही रंग लावला तरी तो गडदच वाटतो आणि मग आपण घाबरून त्यात पांढरा घालत जातो. ग्रिड मारायचं तर उभ्या तीन आडव्या तीन रेषा, बास. सेंटीमीटरचं ग्रिड मारलं की आपण चेहरा बघायचं सोडून चौकोन भरत बसतो.

मग मूळ चित्राकडं बघताना स्वतःचे डोळे बारीक करा. अगदी मिचमिचे. तपशील गेला की सावलीचा एकच मोठा आकार उरतो, डोळ्याची खोबण, नाकाखालचा भाग, हनुवटीखाली आणि मानेवर पडलेली जबड्याची सावली, हे सगळं एकमेकांत मिसळलेलं दिसेल. तेवढा एकच आकार अंबरनं भरा, उजेडाच्या जागी पुसलेली जमीन तशीच ठेवा. डोळे नाहीत, पापण्या नाहीत, ओठांची रेघ नाही. एवढ्यावरच ती मुलगी ओळखू आली पाहिजे. नाही आली तर पुढं जाऊ नका, पुसा आणि परत करा, अंबर ओलं आहे तोवर पुसायला काही लागत नाही. तुमची मान वेगळी बसवल्यासारखी का दिसते ते इथंच कळेल, कारण जबड्याची सावली आणि मानेची सावली तुम्ही दोन वेगवेगळ्या दिवशी दोन वेगवेगळ्या रंगात केलीय, मूळ चित्रात ती एकच आहे. डोकं वर आणि बाजूला वळलेलं असल्यामुळं कानामागून छातीच्या हाडाकडं जाणारा स्नायू ताणलेला आहे, तो एका फटक्यात, खांद्यापर्यंत न थांबता काढा.

अंबर लवकर वाळतं, टर्पेंटाइनमधलं पातळ असेल तर बहुतेक दुसऱ्या दिवशी हाताला लागत नाही. त्यावर पुढचे थर थोडं थोडं तेल वाढवत लावायचे. खाली कमी तेल, वर जास्त तेल. उलटं झालं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि पुढं भेगा पडतात.

पावडरची गोष्ट. ती टायटॅनियम व्हाइटमुळं, म्हणजे हल्लीच्या नेहमीच्या पांढऱ्या रंगामुळं येते. देलाक्रवाच्या हातात टायटॅनियम नव्हतंच, ते बाजारात आलं विसाव्या शतकात, १९२० च्या आसपास. त्याच्याकडं होतं शिशाचं पांढरं, जे मऊ, किंचित उबदार आणि कमी झाकणारं असतं. शिसं विषारी आहे, त्याच्या मागं लागू नका. टायटॅनियमच वापरा पण त्याची ताकद फार असते, मिश्रणात सुरीच्या टोकावर मावेल एवढंच घ्या आणि सावलीच्या रंगात अजिबात घालू नका. सावली उजळायची असेल तर पिवळं ऑकर किंवा लाल घाला.

आणि मधला टोन, म्हणजे उजेड संपतो पण सावली अजून सुरू झालेली नाही ती पट्टी, गालाच्या कडेला, कपाळाच्या बाजूला, गळ्यावर. तिथं तुम्ही बहुतेक गुलाबीच थोडा गडद करून लावला असेल. मूळ नीट बघा, तिथं हिरवट आहे. आयव्हरी ब्लॅक आणि यलो ऑकर एकत्र करा, चक्क हिरवट रंग तयार होतो, त्यात कणभर लाल आणि थोडं पांढरं. हा रंग पॅलेटवर बघितला तर मेलेला वाटेल पण गुलाबी उजेडाच्या शेजारी ठेवला की दोन्ही एकदम जागे होतात. देलाक्रवा विरुद्ध रंग असे शेजारी ठेवत गेला आणि पुढच्या कित्येक चित्रकारांनी ते त्याच्याकडून उचललं. निळ्याचं म्हणाल तर प्रशियन ब्लू नाहीतर कोबाल्ट, कृत्रिम अल्ट्रामरीन सापडलंच १८२६ च्या सुमाराला, म्हणजे या चित्रानंतर. तुमच्या बॉक्समध्ये अल्ट्रामरीन असेल तर तेही चालेल, फक्त हे माहीत असू द्या.

डोळे सगळ्यात शेवटी. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो, राखाडी असतो, आणि वरच्या पापणीची सावली त्याच्यावर पडलेली असते. ती वर बघतेय त्यामुळं बुबुळ वरच्या पापणीखाली सरकलंय आणि खाली पांढरा भाग जास्त दिसतो, तो तुम्ही शुद्ध पांढऱ्यानं भरला असणार. त्याला गालाच्या उजेडापेक्षा गडद ठेवा. पाणी दाखवायचं तर ठिपका लावू नका, खालच्या पापणीची ओली कड आधी थोडी लालसर-गडद करा आणि तिच्यावर बारीक ब्रशनं जाड रंगाचा एकच स्पर्श, लावला की ब्रश उचला, परत हात लावू नका. बाकी सगळ्या चेहऱ्यात यापेक्षा पांढरं काही नसेल तरच ते पाणी वाटेल.

अजून एक, फॅन ब्रश, म्हणजे रंग मिसळून गुळगुळीत करायचा पंख्यासारखा ब्रश, बाजूला ठेवा. रवी वर्मांच्या प्रेसमधून १८९४ पासून छापील चित्रं घराघरात गेली आणि गुळगुळीत चेहरा म्हणजेच चांगलं पोर्ट्रेट असं आपल्या डोळ्यात बसून गेलं. रवी वर्मा मोठेच, पण देलाक्रवाचा ब्रश लपत नाही, रेघेशेजारी रेघ ठेवत तो आकार वळवतो. ती रेघ कुठल्या दिशेला गेलीय ते बघून तुमची रेघ त्याच दिशेला जाऊ द्या. चपटा डुकराच्या केसाचा ब्रश, सहा आणि दहा नंबर, एवढ्यात होईल.

मोबाइलवर भरवसा ठेवू नका, ब्राइटनेस बदलला की चित्र बदलतं. लूव्रच्या स्वतःच्या साइटवर फोटो आहे, तो फोटो स्टुडिओतून ए-फोर आकारात छापून घ्या आणि त्याचीच एक ब्लॅक अँड व्हाइट कॉपी काढा. टोन ब्लॅक अँड व्हाइटवरून बघायचे, रंग दुसऱ्यावरून.

सेलूहून एक वाचक: आमच्याकडं जवस पिकतं, घाण्यावर काढलेलं तेल घरात असतंच. लिनसीड म्हणजे जवसच ना, मग दुकानातली महाग बाटली कशाला? करडईचं पण चालतं असं ऐकलं.

उत्तर: तेल तेच आहे, तुमचं बरोबर आहे. जवसाचं तेल उडून जाऊन वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून त्यात घोटलेला रंग शेकडो वर्षं टिकतो. घाण्याच्या थंड तेलाला तर जुने चित्रकार मान द्यायचे. पण घाण्यावरून आलेल्या तेलात पाण्याचा अंश आणि चिकट गाळ असतो, त्यामुळं ते उशिरा वाळतं आणि जास्त पिवळं पडतं. ते साफ करायची जुनी पद्धत आहे, पाणी घालून बरणी हलवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं तेल काढून घ्यायचं, असं पुन्हा पुन्हा करून शेवटी तोंडाला फडकं बांधून उन्हात ठेवायचं. मराठवाड्यात उन्हाची कमी नाही. हौस असेल तर जरूर करून बघा, पण चित्रात वापरायच्या आधी काचेवर एक पातळ थर लावून ठेवा, दोन आठवड्यांनी बोटाला चिकटत असेल तर ते तेल चटणीवरच घ्या. शिकत असताना मात्र आर्टिस्ट ग्रेडची छोटी बाटली आणा, ती बरेच दिवस पुरते, कारण तेल ब्रशच्या टोकाला लागेल एवढंच लागतं.

करडईचंही तुम्ही बरोबर ऐकलंय. ते कमी पिवळं पडतं म्हणून रंग कंपन्या पांढरा रंग त्यात घोटतात. पण ते सावकाश वाळतं, आणि करडईच्या काही नव्या जातींचं तेल खायला उत्तम असूनही नीट वाळतच नाही, त्यामुळं किराणा दुकानातलं नको. शेंगदाण्याचं, खोबऱ्याचं तर कधीच नको, चित्र कायमचं चिकट राहील.

अंबाजोगाईहून बारावीतला एक विद्यार्थी: सर, पप्पा म्हणतात दुसऱ्याचं चित्र उतरवणं म्हणजे चोरी आहे, आणि उतरवायचंच तर परदेशी कामून? कॉपी विकली तर चालते का?

उत्तर: पप्पांना सांग, देलाक्रवा स्वतः लूव्रमध्ये बसून रुबेन्स या जुन्या चित्रकाराची चित्रं उतरवायचा. त्याच्याच काळातला फ्रेंच चित्रकार जेरिको, त्यानंही तिथंच बसून कॉपी केल्या. ते संग्रहालय १७९३ ला उघडलं तेव्हापासून तिथं चित्रकार कॉपी करत आलेत आणि आजही परवाना काढून करतात, अट एवढी की कॉपी मुळाच्या आकाराची नको, निदान पाचव्या हिश्श्यानं लहान किंवा मोठी हवी.

आणि आपल्या मराठवाड्याचंच सांगतो. अजिंठ्याच्या लेण्यांत रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं १८४४ पासून वर्षानुवर्षं राहून भित्तिचित्रांच्या तैलरंगात कॉपी केल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. नंतर जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. स्कूलची मुलं घेऊन आले, १८७२ ते १८८५ हे काम चाललं, त्यातलंही बरंचसं लंडनमध्येच १८८५ च्या आगीत जळालं. पण त्या मुलांचा हात मात्र तयार झाला. त्यातले एक पेस्तनजी बोमनजी, पुढं तैलरंगातल्या पारशी माणसांच्या पोर्ट्रेटसाठी नावाजले गेले. तेव्हा परदेशी-देशी हा वाद नको, तैलरंगातला चेहरा शिकायचा तर तैलरंगातला चेहरा समोर हवा एवढंच. आपले चित्रकार धुरंधर, रवी वर्मा साताऱ्याकडं औंधच्या संग्रहालयात बघायला मिळतात, आणि तुमच्याकडून हैदराबाद काही लांब नाही, सालारजंग म्युझियममध्ये युरोपातली तैलचित्रं आहेत. तिथं एकदा जाऊन चित्राच्या अगदी बाजूला उभा राहून तिरक्या उजेडात रंगाची जाडी बघ, फोटोत ती कधीच दिसत नाही.

विकायचं म्हणशील तर देलाक्रवा १८६३ ला वारला, आपल्या कायद्यात हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, त्यामुळं अडचण नाही. पण मागं ठळक लिही, ‘देलाक्रवाच्या चित्रावरून’, खाली तुझं नाव आणि साल. त्याची सही उतरवायची नाही. आणि माझं ऐकशील तर पहिली कॉपी विकू नकोस, आकार थोडा बदलायचा एवढं मात्र आत्तापासून पाळ.

नांदेडहून एक वाचक: जेरिकोच्या त्या लाल डोळ्यांच्या म्हातारीची कॉपी केली, चांगली झाली. मग त्याच पॅलेटनं आजोबांना समोर बसवून काढलं तर आजोबा गोरे दिसायलेत. घरचे म्हणतात हे आपले आजोबा नाहीतच.

उत्तर: घरचे बरोबर म्हणतात. पण तुम्ही कॉपीनंतर लगेच जिवंत माणूस समोर बसवलात हे फार आवडलं, कॉपी त्यासाठीच करायची असते.

बाकीच्या वाचकांसाठी, हे चित्र फ्रान्समध्ये लियाँच्या संग्रहालयात आहे. जेरिकोनं १८२० च्या आसपास मानसिक आजार असलेल्या माणसांची दहा पोर्ट्रेट केली होती, जॉर्जे नावाच्या डॉक्टरांसाठी असं मानतात, त्यातली पाच बरीच वर्षं माहीत आहेत. पांढरी टोपी, लालसर पापण्या, नजर भलतीकडं. त्या माणसांना त्यानं तमाशासारखं रंगवलेलं नाही, कुणा मोठ्या घरच्या बाईला बसवावं तसं समोर बसवून रंगवलंय, आणि म्हणूनच शिकायला हे चित्र मला देलाक्रवाच्या मुलीइतकंच मोलाचं वाटतं.

आता आजोबा. त्या म्हातारीच्या कातडीत पांढरा आणि ऑकर हा पाया आहे. उन्हातान्हात शेती केलेल्या माणसाच्या कातडीचा पाया बर्न्ट सिएना, म्हणजे लालसर तपकिरी, धरा, त्यात ऑकर, आणि गडद करायला काळ्याऐवजी अल्ट्रामरीन. सावळ्या कातडीवर उजेड पडतो तो पांढरट नसतो, थंड असतो, कपाळाचं हाड, नाकाचा शेंडा, गालाचं हाड इथं तो चक्क निळसर-राखाडी दिसतो कारण त्यात आभाळ दिसत असतं. म्हणून तिथं ऑकर-पांढरं लावू नका, किंचित निळ्याकडं झुकणारं राखाडी लावा. आणि सावली लालसर-उबदार ठेवा, नाकपुडीच्या आत आणि कानाच्या पाळीत तर चांगली लाल. अजून एक बघा, आजोबांचा फेटा किंवा टोपी पांढरी असेल तर आधी ती रंगवा, तिच्यामुळं चेहरा खरा किती गडद आहे ते ताबडतोब कळतं. जेरिकोनं टोपीचं पांढरंसुद्धा राखाडीत दाबून ठेवलंय, तेच इथं करायचं. सावलीतला फेटा आजोबांच्या कपाळावरच्या चमकेपेक्षा गडदसुद्धा असू शकतो.

जालन्याहून एक वाचक: गडद भाग वाळल्यावर मळकट, निस्तेज झालाय, ओला असताना छान काळाभोर होता. वार्निश मारू का? आणि माझी खोली पत्र्याची आहे, उन्हाळ्यात त्यात काम करावं का?

उत्तर: वार्निश आत्ता नको. खालच्या थरानं तेल शोषून घेतलं की असं होतं, अंबर आणि काळ्यात जास्तच. पूर्ण वाळल्यावर त्या भागावर जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं निम्मं, कपड्यानं अगदी पातळ चोळा आणि लगेच कोरड्या कपड्यानं पुसून काढा, काळा परत वर येतो आणि पुढचा थर त्यावर लावता येतो. वार्निश सहा महिने ते वर्षानं. जुन्या चित्रांतला खोल तपकिरी बघून बिटुमेन, डांबर असलं काही वापरायचा मोह होतो, नका करू. जेरिकोच्या ‘मेडूसाचा तराफा’मध्ये ते आहे आणि ते चित्र त्यामुळं काळवंडलंय, तडकलंय.

पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात सकाळी नऊपर्यंतच काम करा. पेंटवाल्याकडचं एनसी थिनर आत नेऊ नका, टर्पेंटाइनची बाटली झाकण लावून ठेवा आणि समोरासमोरची खिडकी-दार उघडं ठेवा. आणि हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा, जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर वाळताना त्या आतून तापतात आणि कुणी काडी न लावता पेटू शकतात, पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये तर हा धोका वाढतोच. काम संपलं की चिंध्या बाहेर मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवा, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा आणि घरात कुणाला तो डबा रिकामा करू देऊ नका.